अर्ध्या वाटेवरचा बर्फ

"नसरापूर फाटा! फाट्यावाले उतरून घ्या!"

कंडक्टरच्या आरोळीनं ठकुबाईला जाग आली आणि तिनं आधी मांडी चाचपली. मांडी रिकामी होती. तिनं पदराखाली बघितलं, बाजूला बघितलं, मग वाकून खाली बघितलं. थर्मास पुढच्या बाकाखाली आडवा पडला होता आणि त्याच्याभोवती एसटीच्या पत्र्यावर पाण्याचं थारोळं साचलं होतं.

तिनं गुडघे टेकून तो ओढून काढला. हलवल्यावर आत काच किणकिणली. तिनं झाकण उघडलं. सकाळी भोरच्या दवाखान्यात कंपाउंडरनं गच्च ठेचून भरलेल्या बर्फाचा आता मागमूस नव्हता. तळाला थोडं पाणी होतं, त्यात काचेचे चंदेरी कपचे, आणि दोऱ्यानं बूच आवळलेली ती बोटभर बाटली. बाटली शाबूत होती. तिनं पाण्यात बोट घातलं. पाणी गार नव्हतं. उन्हात ठेवलेल्या घागरीतल्यासारखं होतं.

"कवा पडला ह्यो?" तिनं शेजारच्या बाईला विचारलं.

"काय म्हाईत, बाई. कापूरहोळला टायर बदलला, तवा सगळीच उतरली व्हती. पाऊण तास ग्येला असंल. तुमी लई गाढ झोपला व्हता, म्हून म्या उठवलं न्हाई."

ठकुबाईला भाटघरचा फाटा आठवत होता. त्यापुढचं काहीच आठवत नव्हतं.

बाटलीत तिच्या भावजयीच्या, बनाच्या मानेतली गाठ होती. सुपारीएवढी. त्याच दिवशी सकाळी साडेआठला काढलेली.

बना एक्केचाळीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा स्तन पुण्याला काढला होता. त्यानंतर कोबाल्टच्या किरणांचा शेक, चाळीस दिवसांचा. त्या चाळीस दिवसांत ती इतकी खंगली, की गावी उत्रोलीला परत आली तेव्हा शेजारणींनी ओळखलं नाही. पुन्हा हळूहळू सावरली. मागच्या भातलावणीला दोन माणसांचं काम एकटीनं ओढलं. आणि ह्या फाल्गुनात वेणी घालताना तिच्या बोटांना मानेत दोन गाठी लागल्या.

भोरला डॉक्टर गुर्जरबाईंनी तपासलं. बाई मुंबईत शिकून आलेल्या, कमी बोलणाऱ्या. पण त्या दिवशी त्यांनी बनाला, तिच्या नवऱ्याला रखमाजीला आणि ठकुबाईला समोर बसवून सगळं फोड करून सांगितलं होतं.

"हा आजार सगळ्या बायकांत एकाच जातीचा नसतो. एक जात बाईच्या पाळीचा जो रस असतो ना अंगात, त्याच्यावर पोसते. त्या जातीच्या गाठीला बारीक बारीक तोंडं असतात, तो रस प्यायला. असली जात असेल, तर रस तोडायचा. पोटातले बीजकोश काढून टाकायचे, नाहीतर आता विलायतेची एक गोळी आली आहे, ती त्या तोंडांना बूच मारते. गाठ वाळते. दुसऱ्या जातीला तोंडंच नसतात. तिला रस तोडून काही होत नाही. उगीच पोट फाडल्याचं दुःख. तिला शिरेतली कडक औषधं लागतात."

"मंग आमच्या हिची कंची जात?" रखमाजीनं विचारलं.

"डोळ्यांनी कळत नाही. आजवर आम्ही सरसकट सगळ्यांचं पोट उघडत होतो. तिघींतल्या एकीला गुण यायचा. आता मुंबईत माझ्या सरांकडे तपासणी सुरू झाली आहे. पण गाठ ताजी लागते, बर्फात. दर गुरुवारी त्यांचा माणूस पुण्यात येतो, एकच्या आत पोचवली तर पुढचं तो बघतो. मधे बर्फ मात्र वितळता कामा नये. ती तोंडं उष्णतेनं विरून जातात."

"म्हंजी असून बी दिसत न्हाईत?" ठकुबाईनं विचारलं होतं.

"बरोबर. असून दिसत नाहीत."

बाईंनी खरं तर बनालाच मुंबईला जायला सांगितलं होतं. बनानं मान हलवली होती. "न्हाई, बाई. तसल्या मोठ्या दवाखान्याचं तोंड म्या पुन्यांदा बगायची न्हाई. येक गाठ काडून घ्या हितंच. येकदाच. त्याच्यावर मला सुरी लावायची न्हाई." ती हे शांतपणे बोलली होती, म्हणून कुणी वाद घातला नव्हता.

बाटली पुण्याला न्यायला ठकुबाई आपण होऊन पुढं झाली. कंपाउंडरला दवाखाना सोडता येत नव्हता, रखमाजी बनाच्या उशाशी हवा होता. ठकुबाई भाजीची पाटी घेऊन पुण्याच्या मंडईत वर्षानुवर्षं जात आलेली, तिला स्वारगेटपासून सगळे रस्ते पायाखालचे. शिवाय तिच्या मनात आणखीही काही होतं. पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं करून ती माहेरी आली, आई-बाप गेले, भावाचं लग्न झालं, आणि नव्या आलेल्या ह्या भावजयीनं पहिल्याच दिवशी दाण्याच्या कणग्यांची जागा तिला विचारून घेतली होती. बावीस वर्षांत बनानं तिला कधी पाहुणी म्हणून वागवलं नाही, आणि ओझं म्हणूनही नाही. ठकुबाईनं आदल्या रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. तो भाटघरच्या पुढं लागला.

ती थर्मास कवटाळून धावतच एसटीतून उतरली. "मास्तर, येवढा बर्फ घिऊन येते. गाडी सोडू नगा. पाया पडते तुमच्या."

फाट्यावर मानसिंगचं सोडा-लिंबाचं दुकान होतं. गोणपाटात गुंडाळलेली, भुश्श्यात पुरलेली बर्फाची लादी त्याच्या फळीखाली असे.  ठकुबाईनं नुसता उघडा थर्मास त्याच्यापुढं धरला.

"औषद हाय दादा यात. बर्फ पायजे. लगी पायजे."

मानसिंगनं आत बघितलं, काच बघितली, तिच्या तोंडाकडं बघितलं.  मागच्या फळीवरचा डालड्याचा रिकामा डबा त्यानं उतरवला, तळाला भुस्सा घातला, टोच्यानं लादीचे कपचे पाडले आणि बाटली मधोमध रोवून वरून दाबून बर्फ भरला. डब्याला ओलं गोणपाट बांधून त्यानं तो तिच्या हातात दिला. "न्या, आक्का. पुण्यापत्तुर टिकंल. मांडीवर धरू नगा, आंगाची ऊब लागती."

पुढचा सगळा रस्ता ती उभी राहिली. वरवे गावाला जागा झाली, बाकावरच्या म्हाताऱ्यानं सरकून तिला बसायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही. डब्याची कडी धरून धरून बोटं वळली. कात्रजच्या घाटात तिनं हात बदलला, पण डबा अंगाला लागू दिला नाही.

पुण्यात आलेला मुंबईचा माणूस तरुण होता, चष्मेवाला. त्याच्या टेबलाशेजारी पिंपासारखं एक भांडं होतं आणि त्याच्या तोंडातून पांढरी, गारढोण वाफ जमिनीकडं ओघळत होती. त्यानं डालड्याचा डबा बघून भुवया उंचावल्या.

"थर्मासमधून पाठवणार होते ना?"

"फुटला."

"कुठे?"

ठकुबाईनं ओठांवरून जीभ फिरवली. "भोरातच. ष्ट्यांडावर. लगी दुसरा बर्फ घातला."

"मधे बर्फ वितळला नव्हता ना? मावशी, नीट आठवून सांगा. तसं असलं तर तपासण्यात अर्थ नाही, दुसरा तुकडा मागवू."

दुसरा तुकडा. तिच्या डोळ्यांपुढं बना आली, सकाळी टेबलावर पडलेली, छताकडं बघत. येकदाच, म्हणाली होती.

"न्हाई," ठकुबाई म्हणाली. "न्हाई वितळला."

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, बाटलीतली गाठ चिमट्यानं काढून कसल्याशा कागदात गुंडाळली आणि त्या वाफेत सोडली. चर्रर असा आवाज झाला. ठकुबाईला वाटलं, आत्ता सांगावं. तोवर त्यानं झाकण लावलं होतं.

उत्तर यायला तीन आठवडे लागणार होते. ते दिवस राब भाजायचे, भाताच्या रोपासाठी जमीन भाजून घ्यायचे होते. उत्रोलीच्या खाचरांतून धूर उठत होता, घराघरांतली माणसं डोक्यावरून कवळं, फांद्यांचे भारे, वाहत होती. मानेला पट्टी बांधलेली बना बांधावर बसून राखण करायची आणि अधूनमधून काहीबाही बोलायची. ती गाठींचं कधी बोलत नव्हती, आता मात्र बोलू लागली होती.

"बाई म्हनत्यात, ती गोळी पांडरी आस्ती. दिसातनं दोनदा. पानी पिऊन गिळायची, झालं. घरी बसून."

"व्हय," ठकुबाई म्हणायची.

"माज्या गाठीला तोंडं आसतीलच वो, वन्सं. माजी पाळी कशी, घड्याळावानी. रस कमी न्हाई माज्यात." आणि ती हसायची. कितीतरी महिन्यांनी हसायची. "तुमी नेली म्हून वेळंवर पोचली. ह्यास्नी धाडलं आस्तं, तर सासवडलाच ग्येलं आस्तं चुकून."

 ठकुबाई भाकरी थापता थापता थांबायची, तव्यावरची करपायची. रानात काम करताना तिला मधेच कळायचं की आपण मघापासून एकाच जागी काट्या मोडतोय. ती मनाशी हिशेब घालायची. भाटघरला जाग होती. कापूरहोळला पाऊण तास. थर्मास टायर पंक्चर होताना पडला असेल, की नंतर, फाट्याच्या अलीकडच्या खड्ड्यात? नंतर पडला असेल तर बर्फ इतक्यात कसा गेला? पण चैत्राचं ऊन. पण बाटलीचं बूच घट्ट होतं. असं उलटसुलट चालायचं, आणि शेवटी तिचं बोट पुन्हा त्या कोमट पाण्यात बुडायचं.

एकदा ती रखमाजीला म्हणाली, "त्यो तुकडा बिगडला आसला तर?"

"कशानं बिगडंल? तू नेलास की," तो म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

चौथ्या आठवड्यात निरोप आला. तिघं भोरला गेली. डॉक्टर गुर्जरबाईंच्या टेबलावर एक टंकलेला कागद होता.

"बनाबाई, तोंडं नाहीत," त्या म्हणाल्या. "गाठ दुसऱ्या जातीची आहे. म्हणजे गोळीचा उपयोग नाही आणि पोटाचं ऑपरेशनही करायचं नाही. शिरेतली औषधं द्यावी लागतील. सहा महिने, मुंबईला जाऊन येऊन. केस जातील, उलट्या होतील. पण ह्या जातीला तेच लागू पडायची आशा."

 बनानं मानेची पट्टी सारखी केली, खरं तर ती सारखीच होती. रखमाजीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माजी पाळी तर घड्याळावानी हाय," बना हळू आवाजात म्हणाली. जणू कुठंतरी चूक झाली असावी आणि ती एवढ्यावरून दुरुस्त होईल.

ठकुबाई उठून बाहेर ओट्यावर गेली. ओट्यावर बाळंतिणी बसल्या होत्या, एक मूल भोकाड पसरून रडत होतं. तिनं खांबाला पाठ लावली. आत जाऊन सांगितलं तर बनाला पुन्हा सुरी. नाही सांगितलं तर, गोळीनं बरी होणारी बाई विषासारखी औषधं घेत मरायची. आणि आपण तिच्या उशाशी बसून वारा घालायचा. ती खांबापासून सुटली. आत आली तेव्हा बाई मुंबईची चिठ्ठी लिहीत होत्या.

"बाई, म्या खोटं बोलले."

बाईंनी वर बघितलं.

"थर्मास भोरात न्हाई फुटला. एसटीत फुटला. माजा डोळा लागला व्हता. फाट्यावर बगितलं तर बर्फ न्हवताच. कोंबट पानी व्हतं निस्तं. किती येळ तसं व्हतं, मला म्हाईत न्हाई. मंग दुसरा बर्फ घातला. त्या मान्सानं इचारलं, तर न्हाई म्हनून सांगितलं."

बाईंनी चष्मा काढला. खोलीत पंखा फिरत होता, टेबलावरच्या कागदाचा कोपरा हलत होता. रखमाजी वळून बघत राहिला. "आक्का, तू..." तो म्हणाला.

"का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"ही म्हनली व्हती, येकदाच."

 बाईंनी तो टंकलेला कागद उलटा घातला. "मग ह्याच्यावर मला भरवसा ठेवता येणार नाही. खराही असेल, खोटाही असेल. दुसरी गाठ आहे अजून मानेत. ती घ्यावी लागेल. पण बनाबाई, तुम्ही नको म्हणालात तर मी जबरदस्ती करणार नाही."

ठकुबाई जमिनीकडं बघत होती. ती वाट बघत होती, बना काय म्हणेल याची. शिव्या देईल, रडेल, उठून जाईल. त्यांतलं काहीही चाललं असतं.

"तुकडा कशाला धाडायचा?" बना म्हणाली. "मीच जाते की म्हमईला. तितंच कापा म्हनावं. बर्फाची गरज न्हाई." आणि थोड्या वेळानं, "वन्सं येत्याल संगं."

रस्ताभर बना ठकुबाईशी त्या गोष्टीबद्दल अवाक्षर बोलली नाही. बोचकं कुणी धरायचं, पोळ्या कधी खायच्या, एवढंच. मुंबईत दवाखान्याजवळच्या एका धर्मशाळेत रखमाजीसकट तिघं उतरली. गाठ काढली त्या दिवशी ठकुबाई ऑपरेशनच्या दारापुढून हलली नाही. एक नर्स झाकलेली वाटी घेऊन बाहेर आली आणि समोरच्याच खोलीत गेली. वीस पावलं. ठकुबाईनं ती मोजली.

नऊ दिवसांनी गुर्जरबाईंच्या सरांनी, म्हाताऱ्या डॉक्टरांनी, आत बोलावलं. त्यांच्यापुढं दोन कागद होते, एक जुना, एक नवा. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यांवरून बोट फिरवलं.

"दोन्हीत एकच उत्तर आहे," ते म्हणाले. "पहिला तुकडा बिघडला असो वा नसो, त्यात तोंडं नव्हतीच. भोरच्या बाईंनी आधी सांगितलं तसंच करायचं. सोमवारपासून औषध सुरू करू."

ठकुबाईच्या तोंडून श्वास सुटला. एवढा मोठा, की डॉक्टरांनीही मान वर केली. तिचे खांदे खाली आले, सव्वा महिना आवळून धरलेली मूठ सुटली. बर्फानं काही केलं नव्हतं. तिच्या झोपेनं काही केलं नव्हतं. मग तिची नजर बनाच्या मानेवरच्या नव्या पट्टीकडं गेली आणि तिनं पदराचा बोळा तोंडावर दाबला.

रखमाजी औषधाची चिठ्ठी घेऊन खिडकीवर गेला. बाहेर लांबलचक बाकावर दोघी बसल्या. समोरून डोक्याला फडकी बांधलेल्या बायका जात होत्या, काही म्हाताऱ्या, एक तर अगदी पोरगेली. बना त्यांच्याकडं निरखून बघत होती.

"येक सांगू का, वन्सं," ती म्हणाली. "मला वाटत व्हतं, तुमचा बर्फच खोटा निगावा, गाठीला तोंडं निगावी. पैल्या दिसापासनं, तुमी बाईंपुडं बोललात तवापासनं. म्या देवाला त्येच मागत व्हते."

'मला बी,' असं ठकुबाईच्या ओठांवर आलं. किती सोपं होतं म्हणायला. बनाला बरंही वाटलं असतं.

पण ते खोटं झालं असतं, म्हणून ती बोलली नाही.

बनानं थोडा वेळ वाट पाहिली. मग मान हलवली, कळल्यासारखी, आणि डोक्यावरचा पदर मागं सारून वेणी पुढं ओढली. कमरेपर्यंतची, अजून काळीभोर.

"सोमवाराला चार दिस हाईत," ती म्हणाली. "उद्या मला न्हाऊ घाला."